मदत हवी आहे : पट्टीखालचं पानही जांभळं का होतंय?

प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो हे दाखवणारा शाळेतला प्रयोग अडलाय. पानातला आधीचा स्टार्च (प्रकाशसंश्लेषणातून साठणारं पिष्ट) संपावा म्हणून कुंडीतली जास्वंद 24 तास अंधाऱ्या कपाटात ठेवली. मग एका पानाला मधोमध, वरून-खालून काळ्या कागदाची पट्टी क्लिपने लावली आणि कुंडी 5 तास उन्हात ठेवली. पान 1 मिनिट पाण्यात उकळलं, नंतर स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून नळी गरम पाण्यात धरली (बर्नर विझवूनच; स्पिरिट 78 अंशांच्या आसपास उकळतं, वाफ लगेच पेटते). पान पांढुरकं, कडक झालं. कोमट पाण्यात मऊ करून त्यावर आयोडीन टाकलं (स्टार्च असेल तिथे ते काळंनिळं होतं). उघडा भाग झकास काळानिळा झाला, पण तपकिरी राहायला हवा तो पट्टीखालचा भागही जांभळट!

कडेने उजेड शिरला म्हणावं, तर डाग कडेलाच हवा; इथे मधेही तेवढाच गडद आहे. म्हणजे आधीचा स्टार्च संपलाच नव्हता, असं वाटतं. जास्वंदीला अंधारात 48 तास पुरतात की 72 लागतात? आणि कागदाऐवजी फॉइल घट्ट गुंडाळली तर कार्बन डायऑक्साइडही अडेल ना? मग फरक उजेडामुळेच पडला, हे मुलांना कसं पटवायचं?