मदत हवी आहे: हाड जुळलं की गोळी बंद, काय करावं?

खुबा किंवा मनगट मोडलेल्या साठीपुढच्या बायकांना हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला ७० मिग्रॅ अ‍ॅलेंड्रोनेट सुरू होतं. दुखणं थांबलं की "हाड जुळलं, आता गोळी कशाला?" असं म्हणत पाकीट फडताळातच राहतं. गोळीचा गुण अंगाला जाणवत नाही, तिथंच सगळं अडतं.

दुसरी अडचण सकाळच्या चहाची. गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढं अर्धा तास चहा, दूध, कॅल्शियम काही नाही आणि आडवंही व्हायचं नाही. चहाबरोबर घेतली तर ती अंगी लागतच नाही. घेऊन पुन्हा लवंडलं तर छातीत जळजळ होते, मग "सोसत नाही" म्हणून कायमची सुटते. उपवासाच्या वाराशी गोळी जोडली की लक्षात राहते, पण निर्जळी करणाऱ्यांनी वेगळा वार धरावा लागतो.

गोळीऐवजी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे हाडांचंच औषध वर्षातून एकदा ५ मिग्रॅ शिरेतून देता येतं, मात्र आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासून. सगळ्यात काळजी डेनोसुमॅब या हाडांच्या तिसऱ्या औषधाची: ६० मिग्रॅचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते लांबलं तर कमावलेली हाडांची घनता झपाट्यानं उतरते, मणके दबू शकतात. मधेच सोडायचं तर दुसरं औषध लागतंच.

तुमच्या दवाखान्यात पुढच्या तारखांची वही कोण ठेवतं? फोन बाईंनाच करता की सुनेला? औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात नेमकं काय विचारता? कृपया सविस्तर लिहा.