मदत हवी आहे: १९०८ च्या हंगामात एड वॉल्श दमतोय

नमस्कार मंडळी. संगणकावरच्या बेसबॉल खेळात १९०८ चा अमेरिकन लीगचा हंगाम खेळवतोय, रोज रात्री एक दिवस, निकाल वहीत लिहून. शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) एड वॉल्श याने त्या वर्षी ४६४ इनिंग्ज टाकल्या, ४० सामने जिंकले! माझा वॉल्श मात्र जुलैतच थकला. सामन्याच्या नऊपैकी सातव्या इनिंगनंतर संगणक त्याला परस्पर बाहेर काढतो. फार वाईट वाटतं. होमरनही (एकाच फटक्यावर चारही बेसची फेरी पूर्ण करून काढलेली धाव) भरमसाट. डेट्रॉइटचा सॅम क्रॉफर्ड तेव्हा अख्ख्या हंगामात ७ मारून लीगमध्ये पहिला आला होता, माझ्याकडे त्याचे आताच ११ झालेत.

पिचरचा थकवा आणि होमरनचं प्रमाण त्या काळाला धरून कसं बसवायचं? मध्येच सेटिंग बदललं तर आधीची आकडेवारी शाबूत राहते का? अर्धी वही भरलीय, पहिल्यापासून सुरू करणं जिवावर येतंय.