[मंडळ-लिस्ट] अर्ली ग्रॅज्युएशन: चौथ्या वर्षाचं इंग्लिश कुठे बसवायचं? गुरुवारच्या आत हवंय

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,

गुरुवारी सानिकाच्या काउन्सेलरची मीटिंग आहे, कोर्स सिलेक्शन शीट त्याच दिवशी द्यायचंय. तिला अकरावीनंतरच हायस्कूल संपवायचंय हे आता पक्कं आहे, घरात त्यावर बोलून झालंय, तेव्हा "घाई कशाला" हा विषय इथे नको प्लीज. अडलंय एकाच ठिकाणी. काउन्सेलर म्हणतात इंग्लिश चार वर्षं लागतं आणि तीन वर्षांत चार इंग्लिश बसत नाहीत, विषय संपला. पण मागच्या दिवाळीत श्रीकांतदादा म्हणाले होते की बसतं. कसं बसतं? आता ती दहावीत आहे. आठवीत अल्जिब्रा 1 झालं, नववीत जॉमेट्री, आता अल्जिब्रा 2. स्पॅनिश 1 आणि 2, बायो, केमिस्ट्री, वर्ल्ड हिस्टरी, इंग्लिश 9 आणि 10. पीई (व्यायामाचा तास) दोन्ही वर्षं केलं म्हणून आर्ट राहिलं. यूसीलाच (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अप्लाय करायचंय.

मीनल

प्रेषक: श्रीकांत

मीनल, बसतं, पण आधी एक गोष्ट वेगळी करून घे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. डिप्लोमा देते शाळा आणि ए-जी, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या कोर्सची यादी, बघतं यूसी, ह्या दोन वेगळ्या याद्या आहेत, एकीत बसलं म्हणजे दुसरीत बसलंच असं नाही. कॅलिफोर्निया राज्याची डिप्लोमाची किमान यादी फार छोटी आहे, एकेक वर्षाचे 13 कोर्स: इंग्लिश 3, गणित 2, सायन्स 2, सोशल स्टडीज 3, आर्ट किंवा परकी भाषा किंवा सीटीई (करिअर-टेक्निकल कोर्स) मिळून 1, पीई 2. म्हणजे राज्य चार वर्षं इंग्लिश मागतच नाही, ते मागतं तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या शाळा चालवणारी संस्था) आणि मागतं यूसी. यूसीचे 15 आहेत: हिस्टरी 2, इंग्लिश 4, गणित 3, लॅब सायन्स 2, भाषा 2, आर्ट 1, इलेक्टिव्ह 1.

आता कोणी सांगत नाही तो भाग. ह्या 15 पैकी किमान 11 शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी झालेले लागतात. इतरांचं शेवटचं वर्ष बारावी, सानिकाचं अकरावी. म्हणजे येत्या ऑगस्टच्या आत 11. तू लिहिलंयस त्यावरून मोजतो: गणित 3 (आठवीतलं अल्जिब्रा यूसी धरतं), स्पॅनिश 2, इंग्लिश 2, हिस्टरी 1, सायन्स 2. झाले 10. एक कमी पडतोय. तू इंग्लिशच्या मागे लागलीस पण खरं अडणार इथे.

उपाय एकच आहे आणि तो दोन्हीला लागू पडतो. ह्या समरमध्ये कम्युनिटी कॉलेजला इंग्लिश कॉम्पोझिशन घ्यायचं. यूसी ट्रान्सफरेबल (यूसी ज्याचं क्रेडिट धरतं असा) कॉलेज कोर्स, 3 सेमिस्टर युनिट किंवा 4 क्वार्टर युनिटचा असेल तर हायस्कूलचं एक पूर्ण वर्ष धरतं. 2025 च्या फॉलपासून राज्यभर त्याचा नंबर इंग्लिश सी 1000 झालाय, डी अँझा कॉलेजमध्ये पूर्वी त्यालाच ईडब्ल्यूआरटी 1ए म्हणायचे. इंग्लिश तीन झालं, 11 पण झाले, मग अकरावीत एकच इंग्लिश उरतं. एका दगडात दोन पक्षी.

प्रेषक: रोहन (यूथ कमिटी)

श्रीकांतकाका, हे कागदावर बरोबर आहे पण मी हेच करायला गेलो आणि शाळेने त्या कोर्सला (तेव्हा नंबर जुनाच होता) इंग्लिश 11 चं क्रेडिट दिलं नाही. त्यांचं म्हणणं इंग्लिश 11 म्हणजे अमेरिकन लिटरेचर आणि कॉम्पोझिशन कोर्समध्ये ते नाही. यूसीला चाललं असतं पण मला डिप्लोमा पण हवा होता ना. शेवटी मी अकरावीत इंग्लिश 11 आणि इंग्लिश 12 एकाच वेळी घेतलं, दुसऱ्या आणि सहाव्या पिरियडला, आणि समरमध्ये आर्ट हिस्टरी घेतली कॉलेजला. अकरावा त्याच्यावर झाला. म्हणजे मीनलकाकू, सानिकाने समरमध्ये आर्ट उरकलं तरी 10 चे 11 होतातच, आणि आर्टला कोणी नाही म्हणत नाही.

बाकी अकरावीत यूएस हिस्टरी, गव्हर्नमेंट आणि इकॉनॉमिक्स तिन्ही येतात हे लक्षात ठेवा, दोन इंग्लिश आणि हे सगळं म्हणजे लिहायचं काम इतकं होतं की कॅल्क्युलस सोपं वाटायला लागतं. आणि यूसीचे निबंध पण त्याच फॉलमध्ये. आठातले चार प्रश्न, प्रत्येकी 350 शब्द.

प्रेषक: श्रीकांत

रोहन, तू म्हणतोस ते डिस्ट्रिक्टवर आहे. आमच्या दोघी मुलींनी सी 1000 च्या आधीच्या नंबरवर, म्हणजे 1ए वर, इंग्लिश 12 चं क्रेडिट घेतलं, 11 चं नाही. म्हणजे समरला 12 आणि मग अकरावीत 11, उलटा क्रम, आणि शाळेने मान्य केलं. पण ते मी आधी लेखी मागून घेतलं होतं, काउन्सेलरकडून नाही, असिस्टंट प्रिन्सिपलकडून, ईमेलवर. मीनल, गुरुवारी तोंडी हो-नाहीवर उठू नकोस. "सी 1000 पास झाली तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) नेमकं कुठल्या कोर्सचं क्रेडिट लिहाल" एवढा एकच प्रश्न लेखी विचार.

प्रेषक: अविनाश

मीनलने आधीच थोपवलंय तरी मी लिहिणार, कारण ही लिस्ट बाकीची मुलं आणि पालकही वाचतात.

गेल्या वर्षीचं कॉलेज सेशन मी घेतलं होतं, आणि त्यात मी हेच सांगितलं होतं जे इथे अजून कोणी लिहिलं नाही. यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजतं ते नववीनंतरच्या समरपासून अकरावीनंतरच्या समरपर्यंत. अकरावीत असताना नोव्हेंबरमध्ये अर्ज भरणाऱ्या मुलाकडे पूर्ण झालेले ग्रेड एकट्या दहावीचे असतात. एपी (कॉलेज पातळीचे कोर्स) बहुतेक मुलं अकरावीत घेतात, ते अर्जात "इन प्रोग्रेस" दिसणार. एसएटी परीक्षा यूसी बघतच नाही. मग त्या मुलाने स्वतःची बाजू मांडायची कशावर? दहावीचं एक सेमिस्टर बिघडलं की सावरायला जागा नाही. माझ्या पुतण्याने हे केलं, हुशार मुलगा, 17 व्या वर्षी डॉर्ममध्ये गेला, हाऊसिंगच्या कागदांपासून डॉक्टरकडच्या संमतीपर्यंत सगळीकडे आईबापाची सही, आणि पहिलं वर्षभर त्याचे मित्र इथे हायस्कूलमध्ये आणि तो तिथे एकटा. मुलांचा विरोध नाही मला, पण हे सगळं माहीत असून निर्णय व्हावा.

प्रेषक: समीर

अविनाशकाका, तुमचा मुद्दा पटतो पण आमच्यासारख्या एच-फोरवाल्यांचं (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) गणित वेगळं आहे हो. माझा मुलगा ऑगस्टचा. नेहमीसारखा बारावी करून गेला तर कॉलेजच्या चौथ्या वर्षाच्या तोंडावर 21 चा होतो आणि एच-फोर संपतो. एक वर्ष आधी गेला तर डिग्री हातात आल्यावर 21 चा होतो. चारही वर्षं स्टेटस बदलायची धावपळ नाही. ग्रीन कार्डच्या रांगेचं काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरी हौस म्हणून नाही चाललेलं हे.

प्रेषक: रोहन (यूथ कमिटी)

समीरदादा, एक बघा. एच-फोरवर मुलांना काम करता येत नाही, म्हणजे पगारी इंटर्नशिप पण नाही. आणि डिग्रीनंतर ओपीटी (काम करायची परवानगी) हवी असेल तर डिग्री संपायच्या आत एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) जावंच लागतं. माझ्या रूममेटने तिसऱ्या वर्षीच बदलून घेतलं, सीपीटीवर (शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर) समर इंटर्नशिप करायची होती म्हणून. म्हणजे एक वर्ष लवकर गेल्याने स्टेटस बदलायचं टळत नाही, फक्त कधी बदलायचं ते तुमच्या हातात राहतं.

प्रेषक: समीर

तेच तर हवंय. हातात राहणं. 21 व्या वाढदिवसाची टांगती तलवार घेऊन मिडटर्म द्यायला लागू नयेत त्याला. वकिलाशी बोलतोच आहे.

प्रेषक: वैशाली (मराठी शाळा)

मी भाषेच्या मुद्द्यावर लिहिते कारण दर वर्षी जानेवारीत मला हेच फोन येतात. आपली शाळा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालते, मुलं परीक्षा देतात, सर्टिफिकेट मिळतं. पण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर मराठीचं क्रेडिट चढवायचं की नाही हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट ठरवतं, मंडळ नाही आणि मी पण नाही. तेव्हा "ताई एक लेटर द्या" म्हणून मे महिन्यात येऊ नका. नववी सुरू व्हायच्या आधी डिस्ट्रिक्टला विचारा, त्यांना जो अभ्यासक्रम, तास, मूल्यमापन लागेल ते सगळं मी देईन, शनिवार-रविवार बसून देईन.

आणि सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा येतात याचा डिप्लोमावरचा शिक्का) म्हणजे क्रेडिट नव्हे. कॅलिफोर्नियाने तो 2011 च्या कायद्याने सगळ्यात आधी आणला, डिप्लोमावर छान दिसतो, मुलांनी जरूर घ्यावा, पण 15 मधला एकही त्याने भरत नाही.

एक गोष्ट मात्र नव्याने आलेल्यांनी ऐका. मूल सहावी किंवा त्याच्या पुढची दोन वर्षं भारतात मराठी माध्यमात शिकलं असेल, पास असेल, तर यूसी भाषेची अट त्यावर पूर्ण झाली असं धरतं. नाशिकहून आठवीनंतर आलेल्या एका मुलीचं असंच झालं, तिच्या आईने सातवी-आठवीच्या मार्कशीटा जपून आणल्या होत्या. तिला स्पॅनिशचे दोन पिरियड मोकळे मिळाले, आणि त्या दोन जागांत तिचं आर्ट आणि जास्तीचं सायन्स बसलं. इंग्रजी माध्यमात विषय म्हणून घेतलेलं मराठी त्यात येत नाही.

प्रेषक: केतकी (सेक्रेटरी)

ह्यावर एक सेशन ठेवावं अशी पाच जणांची वैयक्तिक मेल आलीत. मार्चमध्ये रविवारी मराठी शाळेनंतर हॉल आहे. रोहन आणि यूथ कमिटीने घ्यावं असं सुचवते.

प्रेषक: अविनाश

कॉलेज सेशन दर वर्षी मीच घेतो आणि ते ऑक्टोबरात असतं. ह्यासाठी वेगळं कशाला, त्यातच अर्धा तास काढतो.

प्रेषक: श्रीकांत

अविनाश, ऑक्टोबर फार उशीर होईल. समरचा कॉलेज कोर्स हवा तर फॉर्मवर पालकांची आणि शाळेची सही एप्रिल-मेमध्ये लागते, आणि समरसाठी प्रिन्सिपल एका इयत्तेतल्या फक्त 5 टक्के मुलांची शिफारस करू शकतात, काही अपवाद सोडले तर. आधी येणाऱ्याला मिळतं. ऑक्टोबरात ऐकणाऱ्या दहावीच्या मुलाचं एक समर गेलेलंच असतं. तुझं सेशन बारावीच्या अर्जांसाठी आहे, ते तुझंच राहू दे. हे सातवी, आठवी, नववीच्या पालकांसाठी आहे.

प्रेषक: अविनाश

ठीक. पण 17 व्या वर्षी घर सोडण्यावर दहा मिनिटं मला हवीत आणि ती सुरुवातीला हवीत, शेवटी लोक उठून जातात.

प्रेषक: केतकी (सेक्रेटरी)

दिली. पहिली दहा मिनिटं अविनाशकाका.

प्रेषक: वैशाली (मराठी शाळा)

हॉल चालेल पण शाळेच्या वर्गांच्या खुर्च्या हलवायच्या असतील तर एक वाजेनंतर. गेल्या वेळी सुगमसंगीताच्या प्रॅक्टिसवाल्यांनी पावणेबारालाच टेबलं उचलली आणि बालवर्गाची मुलं उभी राहिली.

प्रेषक: मीनल

गुरुवारसाठी दोन याद्या करून ठेवल्यात, डिप्लोमाची वेगळी, ए-जीची वेगळी. समरमध्ये आर्ट हिस्टरी पक्की, ती रोहनने सांगितली तशी सुरक्षित वाटते, आणि सी 1000 चं लेखी विचारते, हो म्हणाले तर तेही घेईल, नाही म्हणाले तर दोन इंग्लिश अकरावीत. समरला दोन कोर्स जड जातील का?

प्रेषक: रोहन (यूथ कमिटी)

एकाच समरला दोन्ही नको काकू. सहा आठवड्यांत अख्खं कॉलेज सेमिस्टर असतं. बहुतेक कॉलेजं हायस्कूलच्या मुलांची युनिट फी माफ करतात म्हणून लोक फुकट आहे तर घे म्हणतात, पण तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो, मेडिकल स्कूलला अर्ज करताना पण तो दाखवावा लागतो. माझ्या बॅचमधल्या एकीचा सी आला, ती अजून तो समजावत असते. दुसरा हवाच असेल तर अकरावीच्या फॉलला संध्याकाळचा घ्या.

प्रेषक: समीर

पीईचं कोणी बोललं नाही. माझ्या मुलाचं नववीत एकच वर्ष झालंय.

प्रेषक: श्रीकांत

समीर, नववीच्या फिटनेस टेस्टमध्ये पास असेल तर पुढच्या दोन वर्षांच्या पीईतून सूट मागता येते. ती आपोआप मिळत नाही, पालकांनी मागायची, आणि द्यायची की नाही हे डिस्ट्रिक्टवर. आधी त्याचा रिझल्ट शाळेकडून काढून घे. नाहीतर ट्रॅक किंवा स्विमिंग टीमवर घाल, बऱ्याच शाळा सीझन स्पोर्टला पीईचं क्रेडिट देतात.

प्रेषक: प्राजक्ता

नमस्कार, आम्ही गेल्या वर्षीच फ्रीमाँटला आलो. चिन्मय आठवीत आहे, अल्जिब्रा 1 करतोय. ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर येणार नाही असं शाळेने सांगितलं. मग ते वाया जातं का? समरमध्ये परत घ्यायला लावू का?

प्रेषक: श्रीकांत

प्राजक्ता, अजिबात परत घेऊ नका. यूसीच्या अर्जात सातवी-आठवीच्या गणित आणि भाषेसाठी वेगळी जागा असते, तिथे त्याने स्वतः भरायचं. आणि पुढे जॉमेट्री, अल्जिब्रा 2 मध्ये सी किंवा वर असला की खालचं अल्जिब्रा त्यातच धरलं जातं. डिप्लोमाच्या गणिताची वर्षं मात्र तुमचं डिस्ट्रिक्ट नववीपासून मोजतं का ते विचारून घ्या, मोजत असेल तर नववीनंतर गणित सोडता येणार नाही. समर मोकळा असेल तर आर्ट घ्या.