मदत हवी आहे: आकार फिरवला की मुलगी ओळखतच नाही
मुलगी साडेचार वर्षांची आहे, गोल, त्रिकोण, चौरस सरळ ठेवले की पटापट ओळखते पण तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला की म्हणते हा डायमंड, आणि लांबट निमुळता त्रिकोण दाखवला तर तो त्रिकोण नाहीच म्हणते. या वयात मुलं एकूण दिसण्यावरून आकार ओळखतात हे माहितीये, त्यामुळे घाई अजिबात नाहीये. पुठ्ठ्याचे आकार कापून तिच्यासमोर फिरवून दाखवले, काड्या जोडून त्रिकोण करून झाले, बोट फिरवत कोपरे तीन बरोबर मोजते आणि तरी "हा खोटा त्रिकोण" म्हणते! मोबाईलवरचे गेम नकोयत, आणि दहाएक मिनिटांच्या वर ती बसत नाही. तर बाजू-कोपरे बघून आकार ठरवायचा हे खेळातून कसं लक्षात आणून द्यावं, आणि चौरस हा आयतसुद्धा असतो हे आत्ताच सांगावं का नंतर?