एज ऑफ एम्पायर्स २ : सलादिन, तारिक की तैमूर? आधी कोणती कॅम्पेन घ्यावी?

प्रश्न
नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे. एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनमधली जोन ऑफ आर्कची कॅम्पेन (म्हणजे ओळीने खेळायची मिशन्स) त्याने सुट्टीत संपवली. आता मध्ययुगातल्या एखाद्या मुस्लिम सेनानीची कॅम्पेन खेळायची म्हणतोय. मीही शेजारी बसून त्या काळाबद्दल वाचणार आहे. कुणापासून सुरुवात करू?

प्रतिसाद १
ताई, डोळे झाकून सलादिन, म्हणजे सुलतान सलाहुद्दीन, घ्या. सहा मिशन्स आहेत आणि गोष्ट सांगतो तो सुलतानाच्या गोटात सापडलेला क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्धावर आलेला युरोपीय ख्रिस्ती योद्धा. शत्रूच्या तोंडून हा माणूस कळत जातो, ते मला फार आवडतं.

तिसरं मिशन हत्तीनच्या लढाईचं. ते घाईत उरकू देऊ नका. त्यात पवित्र क्रुसाचा तुकडा पळवून आपल्या मठात आणायचा असतो. ४ जुलै ११८७ ला तो खरोखरच सलाहुद्दीनच्या हाती लागला होता. पण लढाईचा निकाल लावला पाण्याने, आणि गेममध्ये तहान नाही. म्हणून शेजारी नकाशा उघडून ठेवा. क्रुसेडर सफूरियाच्या झऱ्यांपाशी सुरक्षित होते. सलाहुद्दीनने तळ्याकाठच्या तिबेरियसला वेढा घालून त्यांना बाहेर ओढलं. ऐन जुलैत, चिलखतं घालून, कोरड्या पठारावरून ते निघाले आणि तळ्यापर्यंत पोचूच शकले नाहीत. रात्रभर वेढलेले, वर पेटवलेल्या सुक्या गवताचा धूर.

नंतर तंबूत सुलतानाने पकडलेल्या क्रुसेडरांचा राजा गी याला गार पाणी दिलं. गीने पेला रेनाल्ड या आपल्या सरदाराकडे सरकवला, तेव्हा सुलतानाने बजावलं की याला पाणी मी दिलेलं नाही. पाहुणचार म्हणजे अभय, म्हणून. रेनाल्ड तिथेच मारला गेला. मुलाला हा प्रसंग जरूर सांगा.

प्रतिसाद २
माझं मत तारिक इब्न झियाद, स्पेनवर चालून गेलेला सेनानी. पाचच मिशन्स. ७११ ला तो जिथे उतरला तो डोंगर म्हणजे जबल तारिक, त्यावरूनच जिब्राल्टर. मात्र शेवटची मिशन्स तारिकनंतरच्या काळात, पार फ्रान्सपर्यंत जातात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. तैमूर थोडा मोठा झाल्यावर. १३९८ ची दिल्लीची कत्तल समजावून सांगायला कुणीतरी जवळ हवं. बाबर हवा असेल तर 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' वेगळं विकत घ्यावं लागेल. तारिक आणि तैमूर तुमच्याकडे आधीच आहेत.

प्रतिसाद १
एक राहिलं. गेममध्ये सॅरासेनचे, म्हणजे सलादिनच्या बाजूचे, मॅमेलुक (मामलूक, गुलाम म्हणून आणून घडवलेले सैनिक) उंटावरून तलवारी फेकतात. घोडदळाविरुद्ध जबरदस्त, पण खरे मामलूक घोड्यावरून लढायचे, धनुष्य आणि भाला घेऊन. मुलाच्या डोक्यात उंट बसायच्या आत सांगा.

धागाकर्ती
खूप आभार. काल हत्तीन झालं. नकाशावर सफूरिया ते तिबेरियस त्याने पट्टीने मोजलं, सुमारे २५ किलोमीटर भरलं. मग विचारतो, "आई, ते झऱ्यापाशीच का नाही थांबले?" मी म्हटलं, राजाचे सरदारही निघायच्या आदल्या रात्री यावरूनच भांडत होते. आता त्याला मंगोलांना हरवणारे मामलूक हवेत. ते यात आहेत का?

प्रतिसाद २
त्यासाठी 'एज ऑफ एम्पायर्स ४'चं 'द सुलतान्स असेंड' हे जोड-पॅक घ्या, २०२३ चं. त्यात ऐन जालुत आहे. १२६० ची लढाई, मामलूक सुलतान कुतुझ आणि त्याचा सेनानी बैबर्स. पाठ दाखवून मंगोलांना डोंगरात ओढलं, तीच ती. त्याला जरा ताकदीचा कॉम्प्युटर लागतो, आधी तपासून घ्या.