'बाजार विसरा' म्हणणाऱ्या कुंडीवाल्यांना चार शब्द

तिरपागडा:
परवा इथेच पोस्ट आली, "चार कुंड्या लावा आणि बाजार विसरा, बाहेरचं सगळं विष आहे, मुलांना तेच चारणार का?" आणि खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो हिशेब करा की. जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी रोज निदान 400 ग्रॅम भाज्या-फळं. चार माणसांचे रोज 1.6 किलो, वर्षाचे 584 किलो. माझ्या टोमॅटोच्या आठ कुंड्यांनी गेल्या हंगामात, चार महिने पाणी घालून, किती दिलं? काट्यावर ठेवून सांगतो, साडेतीन किलो. त्यातले अर्धा किलो खारीने उष्टे केले. म्हणजे घराचे दोन दिवसही धड भागले नाहीत.

हौस म्हणून करा, मीही करतो. पण जो करत नाही तो मुलांचा वैरी हे कुठून आलं? टोमॅटोला सहा तास तरी थेट ऊन लागतं, ज्याच्या खिडकीत दीड तास येतं त्याने समोरची इमारत पाडायची का?

भुईचाफा:
ती पोस्ट माझीच. "विसरा" हे मी उत्साहात लिहिलं आणि तुम्ही तराजू घेऊन आलात. बरं, वजन करायचंच तर सगळ्याचं करा ना. पुदिना खुडला की परत फुटतो, तो कुठल्या काट्यावर ठेवणार?

आणि मटार. शेंग तोडली की दाण्यातली साखर कमी व्हायला लागते, तिचा स्टार्च होत जातो, त्यामुळे विकतचा मटार तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत गोडी गेलेली असते. वेलीशी उभं राहून अंगठ्याने शेंग उकलून ते सहा दाणे तसेच तोंडात टाकलेत कधी? माझा मुलगा ताटातला मटार एकेक वेचून कडेला लावायचा, आता वाटी घेऊन मटार तोडायला जातो आणि रिकामी वाटी घेऊन परत येतो. ह्याचा हिशेब करा आधी.

खालचा_मजला:
तुमचे मटार तुमच्याकडे. आमच्या वर असेच एक हौशी शेतकरी राहतात. रोज सकाळी सातला पाणी घालतात आणि सव्वासातला ते तपकिरी पाणी माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर. सांगायला गेलो तर म्हणे "सेंद्रिय आहे, डाग पडत नाहीत". पडतात! कुंडीखाली ताटली ठेवा एवढंच म्हणणं आहे.

नाठाळ:
चादरीवाल्यांना सहानुभूती, पण मला ते साडेतीन किलो खटकतायत. आठ कुंड्यांत एवढेच? काहीतरी चुकतंय.

तिरपागडा:
निम्मे फेकले म्हणून. खालून काळे पडले, चामड्यासारखा चपटा डाग. खत भरपूर घातलं होतं, झाडं माझ्या खांद्याला लागत होती.

भुईचाफा:
कॅल्शियम कमी. अंड्याची टरफलं चुरून घाला.

नाठाळ:
झालं, आली टरफलं. अहो ती त्या हंगामात विरघळत नाहीत, पुढच्या वर्षी कुंडी उपसाल तेव्हा तशीच निघतील. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच, पण ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पानं आधी ओढून घेतात, फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. एक दिवस कोरडं ठक्क, दुसऱ्या दिवशी तळं, असं केलं की हा डाग ठरलेला. तिरपागडे, खरं सांगा, गावाला गेला होतात ना मध्ये?

तिरपागडा:
...चार दिवस. पण त्याचा इथे काय संबंध.

चष्मिष्ट:
आणि "भरपूर खत" म्हणजे कुठलं? युरिया असेल तर त्यात 46 टक्के नत्र, झाडं नुसती पानांनी माजतात. युरियाचं मातीत अमोनियम होतं, म्हणजे नत्राचंच एक रूप, आणि ते जास्त झालं की तो काळा डागही वाढतो. युरिया वाईट नाही, हात सैल होता.

भुईचाफा:
युरिया?! घरच्या भाजीला?? मग बाजारातलंच खा की. माझ्या कुंड्यांत केमिकलचा दाणा जात नाही, फक्त ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट.

चष्मिष्ट:
पाणीसुद्धा केमिकलच आहे हो. कंपोस्टमधलं नत्रसुद्धा आधी अमोनियम आणि नायट्रेट होतं, मुळं मुख्यतः तेच घेतात, ते कुठून आलं हे मुळाला कळत नाही. फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1828 मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला तो आणि तुमच्याआमच्या लघवीतला एकच.

भुईचाफा:
अजून चार लोक जेवत असतील हे वाचताना, जरा भान ठेवा. मी बारा वर्षं माती हातात घेतेय. कंपोस्टची माती मुठीत दाबली की लाडू होतो आणि बोटाने टोचलं की भुगा. तुमच्या युरियाने असं होतं का? गांडूळ येतं का? ते दाखवा मग शिकवा.

चष्मिष्ट:
नाही होत. माती भुसभुशीत ठेवणं, ओल धरणं हे कंपोस्टचंच काम, त्यात वाद नाही. पण "विष" म्हणू नका. विषच शोधायचं तर कच्चं शेणखत घातलेल्या कुंडीतला पाला न धुता खाऊन बघा.

भुईचाफा:
न धुता कोण खातं!

नाठाळ:
सहा दाणे तसेच तोंडात टाकणारे. :)

भुईचाफा:
ते शेंगेच्या आत असतात, अतिशहाणे.

तिरपागडा:
मूळ प्रश्न राहिला बाजूला. काकू, "विष" मागे घेताय का?

भुईचाफा:
काकू कोणाला म्हणता! "बाजार विसरा" मागे घेते. "बाहेरचं सगळं" मधलं "सगळं" मागे घेते. बाकी राहू द्या. आणि तुम्ही त्या तीन किलोतला एक तरी टोमॅटो फ्रिजमध्ये न ठेवता खाल्लात का?

तिरपागडा:
खाल्ला. पहिला पिकला तो, उन्हाने कोमट असतानाच, मीठसुद्धा न लावता. चांगला होता. बास, एवढंच लिहिणार.

नाठाळ:
ह्याला म्हणतात कबुलीजबाब. फ्रिजमध्ये टोमॅटोचा वासच मरतो, निदान हे तरी सगळ्यांना मान्य करा.

खालचा_मजला:
माझ्या चादरीबद्दल कोणी बोललंच नाही. असो. त्याच वरच्यांच्या वेलाची एक काकडी आता माझ्या गॅलरीत लोंबतेय, चांगली वीतभर. कायद्याने कोणाची?

भुईचाफा:
त्यांची. पण तुमच्या चादरीने पाणी पुरवलंय, तोडा.

चष्मिष्ट:
आधी देठाकडचा तुकडा चाखा. पाण्याची ओढाताण झाली असेल तर कडू निघते, कडूजहर लागली तर खाऊ नका, फेकून द्या.

खालचा_मजला:
पाण्याची ओढाताण? त्या घरी? शक्यच नाही.