हात हलतो, पण पडद्यावरचा धोटा उशिरा हलतो

गिरणगावची_पोर:
लोअर परळला एका छोट्या प्रदर्शनासाठी टीव्हीवर यंत्रमाग दाखवलाय. समोर उभं राहून हात डावी-उजवीकडे नेला की धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा मागाचा भाग, धावतो. कॅमेरा साधा वेबकॅम आहे. बघायला येणारे बहुतेक जुने गिरणी कामगार. धोटा हाताच्या मागून रेंगाळतो, शिवाय थोड्याच वेळात त्यांचे खांदे भरून येतात. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

ठाणे_फास्ट:
कार्डाचं नंतर बघा. आधी टीव्ही गेम मोडवर टाका, नाहीतर तो चित्र सुधारण्यात वेळ घालवतो.

विणकर_नातू:
गेम मोड हवाच, पण आधी वेळ कुठे जातो ते मोजा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या, हात आणि धोटा दोन्ही दिसू देत, आणि मधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. वेबकॅम सेकंदाला ३० चित्रं देत असेल तर दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद जातात. त्यावर हात ओळखणं, थरथर गाळणं, मग रेखाटन. माझा संशय गाळणीवर आहे. हाताच्या मागच्या काही जागांची सरासरी काढत असाल तर ती काढून २०१२चा 'वन युरो' फिल्टर लावा. हात स्थिर असला की तो जास्त गाळतो, वेगात असला की कमी.

पण मला खरी खटकली ती हालचाल. यंत्रमागावर धोटा हातानं कोण फेकतं हो? माझे आजोबा तुटलेला धागा जोडायचे, धोट्यातली धाग्याची कांडी बदलायचे, दांडा ओढून माग चालू-बंद करायचे. या माणसांच्या हातांना ते काम पाठ आहे, मग तेच द्या ना! कंबरेच्या उंचीवर खराखुरा लाकडी दांडा बसवा, आत साधा स्विच. खांद्यांचा त्रास जाईल आणि कॅमेऱ्याचा उशीरही.

शिवाय ही मंडळी बोलताना हातवारे करतात, तेव्हाही धोटा धावत असणार. १९८० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रिचर्ड बोल्ट यांनी बोटानं दाखवणं आणि तोंडानं सांगणं एकत्र आणलं. 'ते तिथे ठेव' म्हटलं तरच वस्तू हलायची, नुसत्या बोटानं नाही. तुमच्याकडे ती खूण दांडा देईल.

गिरणगावची_पोर:
दादा, दांडा बसवला. काल एका काकांनी ओढला आणि शेजारच्यांना माग कसा थांबवायचा ते समजावत बसले. काहीजण व्हीलचेअरवर येतात, उंची किती ठेवू?

विणकर_नातू:
एकच उंची ठरवू नका. दांडा उभ्या पट्टीवर खालीवर सरकेल असा बसवा, आणि त्यांनाच बसून ओढून बघायला सांगा.